घर नंबर सतरा

सरांनी बुटाच्या टोकानं लोटा बाजूला सारला.

हातानं नाही. बुटानं. लोटा आडवा झाला नाही, पण हिंदकळला आणि अर्ध्याहून जास्त पाणी सारवलेल्या ओट्यावर सांडलं. "पाणी नको म्हणावं यांना," सर मला म्हणाले. "इथलं पाणी मला चालत नाही."

लोटा ठेवणारी बाई वाकलेलीच राहिली. तिच्या उजव्या पायाला पट्टी बांधलेली होती. त्या पायावर भार न देता, एका हातानं भिंत धरत ती आतून लोटा घेऊन आली होती. पट्टीवर पाणी उडालं.   मी बाजूला उभी होते. छातीशी लाकडी फळी, फळीवर फॉर्म, हातात टोक केलेली पेन्सिल.

ती बाई माझी आई होती. सरांना ते माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

आता पहिल्यापासून सांगते. सांगायला जीभ रेटत नाही, तरी सांगते.

आम्ही छत्तीसगढचे. मी तीन-चार वर्षांची असताना दाई आणि ददा, म्हणजे माझे आई-बाप, मला आणि माझ्या भावाला घेऊन इकडे आले. पहिली दोन वर्षं रोहणा गावी एकाच्या शेतात कापूस वेचला. मग वर्ध्याला आलो, विटभट्टीवर. रेल्वे लाइनच्या पलीकडे आमच्यासारख्यांची वस्ती होती. गावातले लोक तिला छत्तीसगढी टोली म्हणत. नुसतं नाव म्हणून नाही, नाक मुरडून म्हणत. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतत. मातीच्या भिंती, त्यांना पांढऱ्या मातीचा हात, समोर हातभर ओटा. सकाळी आम्ही रात्रभर पाण्यात ठेवलेला भात खायचो, मीठ आणि कांद्याबरोबर. भट्टीच्या उन्हात तो भात पोट थंड ठेवतो. शाळेतल्या मुली त्याला शिळं म्हणायच्या. मग मी घरून खाऊन आले तरी उपाशी आहे असं सांगायची. उपाशी असण्याची लाज कमी वाटायची.

शाळेत नाव घालताना मास्तरांनी आडनाव विचारलं. ददांनी सांगितलं ते त्यांना धड लिहिता येईना. "असं इकडे चालत नाही," म्हणाले आणि मराठी वळणाचं एक आडनाव चिकटवून दिलं. मास्तरांच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण पुढं त्या आडनावाच्या आड मला लपता आलं. माझी वऱ्हाडी बोली कुणब्याच्या पोरीसारखी झाली होती. मॅट्रिक झाले, मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली, कॉलेजात गेले. कोणी गाव विचारलं की मी सांगायची, रोहणा. अगदीच खोटं नव्हतं. दोन वर्षं राहिलो होतो की आम्ही तिथं.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. आमच्या सरांनी एक अभ्यास काढला. नाव मला अजून पाठ आहे : वर्ध्यातील दोन स्थलांतरित समाजांची सामाजिक व आर्थिक स्थिती, एक तुलना. एक समाज आमचा, भट्टीवरचा. दुसरा केरळचा. मोठ्या दवाखान्यात तिकडच्या बऱ्याच नर्सा होत्या, ऑफिसांमधून टायपिस्ट होते. गावातले लोक त्यांना सरसकट मद्रासी म्हणत. एक बाहेरून आलेला समाज वर कसा चढतो आणि दुसरा तिथंच का बसून राहतो, हे सरांना शोधायचं होतं.

सर वाईट नव्हते. तेच अवघड आहे. वाईट असते तर शिव्या घालून मोकळी झाले असते. त्यांनी मला पुस्तकं दिली होती. माझे निबंध लाल शाईनं तपासून द्यायचे. "तू एम.ए. कर, मी तुला माझ्या हाताखाली मदतनीस म्हणून घेतो," असा शब्द त्यांनी मला दिला होता. त्या शब्दावर माझं सगळं उभं होतं. तो शब्द म्हणजे मला डोक्यावर विटा वाहाव्या लागणार नाहीत. दाईलाही कधीतरी लागणार नाहीत. एवढाच त्याचा अर्थ, पण तो माझ्यासाठी फार मोठा होता.

घरोघर जाऊन फॉर्म भरायला सरांनी दोघींना निवडलं. मी आणि कुंदा. कुंदा केळझरची, बाप कचेरीत कारकून, मनानं मोकळी, तोंडानं त्याहून मोकळी. मला का निवडलं? सर म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे आणि त्या लोकांची हिंदी तुला बरी समजते असं दिसतं. मी मान डोलावली. 

पहिले चार फॉर्म आम्ही दोघींनी मिळून भरले. स्टेशनजवळच्या गल्लीत एका घराच्या मागच्या खोलीत तीन नर्सा राहात. त्यांत तंगम्मा सिस्टर होती. दार तिनंच उघडलं. आठच दिवसांपूर्वी दाईच्या पायावर विटांची चळत कोसळली होती आणि दवाखान्यात तिचा पाय याच बाईनं बांधला होता. मी दाईला धरून उभी होते. माझ्या दाईला तिनं अम्मा म्हटलं होतं.

सिस्टरनं मला ओळखलं. माझ्याकडं पाहिलं, कुंदाकडं पाहिलं, माझ्या हातातल्या फळीकडं पाहिलं. आणि ओळख दाखवली नाही. शांतपणे सगळी उत्तरं दिली. शिक्षण, पगार, खोलीत किती जणी. कुंदा शेजारच्या खोलीत गेली तेव्हा सिस्टर हळूच म्हणाली, "माँ का पैर कैसा है? कल ड्रेसिंग को लाना."

मी हो म्हटलं. मला रडू यायला लागलं. मग तिनं जे सांगितलं त्यासाठी फॉर्मात रकाना नव्हता. घरमालकीण तिला नळाला हात लावू देत नाही. पाणी हवं तर ओंजळ धरायची, मालकीण वरून ओतते. मालकिणीचा मुलगा तापानं फणफणला तेव्हा तीन दिवस त्याच्या उशाशी हीच बसली होती. नंतर पुन्हा ओंजळ. "घर को चिट्ठी में लिखती हूँ, इधर सब बहुत मान देते हैं," ती म्हणाली आणि हसली. मी फॉर्मवर लिहिलं : स्थानिक समाजाशी संबंध चांगले. दुसरं काय लिहिणार? रकाना तेवढाच होता.

पुढं मी कुंदाला म्हटलं, केरळचे तू कर, टोलीचे मी करते. तिला हायसंच वाटलं. टोलीत मी एकटी जायची. तिथं सगळे मला ओळखत. नोनी आली, नोनी लिहायला आली, असं म्हणत बायका खाट टाकायच्या. नोनी म्हणजे पोर, लेक. प्रत्येक दारात माझ्यासमोर आधी लोटा यायचा, थट्टेनं. आता तू पाहुणी ना, पाय धू. मी हसत पाय धुवायची.

हा लोटा काय ते सांगायला हवं. आमच्याकडे दारात पाहुणा आला की भरलेला लोटा त्याच्या पायाशी ठेवतात. हातात देत नाहीत, खाली ठेवतात, कारण तो पिण्यासाठी नसतोच. वाटेची धूळ पायावर घेऊन माणूस येतो, ती त्यानं धुवायची, मग बसायचं. प्यायचं पाणी मागून येतं. पाहुण्यानं लोटा घेतला की तो घरचा झाला. वैरीसुद्धा लोटा नाकारत नाही. जो लोट्याला हात लावत नाही तो नातं तोडायला आलेला असतो. दाईचा लोटा पितळेचा होता. तिच्या आईनं दिलेला. राखेनं घासून ठेवलेला असायचा, पाहुण्याशिवाय बाहेर निघायचा नाही.

टोलीतले सगळे फॉर्म भरून झाले. एक सोडून. घर नंबर सतरा. आमचं. रोज ठरवायची, आज भरीन. फळी घेऊन दारापर्यंत जायची आणि मग नुसतीच दाईशी बोलत बसायची. आपल्याच आईला कसं विचारायचं, घरात भांडी किती, आंघोळ रोज करता का?

कॉलेजात फॉर्म लावून ठेवताना कुंदाच्या ते लक्षात आलं. "काऊन वं, हे एकच घर काऊन सोडलं तू?" तिनं सरांसमोरच विचारलं. मी म्हटलं, कुलूप असतं. सर म्हणाले, "मग चला. मलाही एकदा ती वस्ती पाहायची आहे. तो फॉर्म मी स्वतः विचारून भरतो."

माझ्या एका आळसातून, नाही, आळस नव्हता तो, माझ्या एका लाजेतून सर माझ्या दारात येऊन उभे राहिले. मीच आणलं त्यांना.

दुपार होती. टोली भट्टीवर गेलेली. मला कोणी हाक मारायला नव्हतं. एक कुत्रं तेवढं शेपूट हलवत आलं आणि माझ्या पायात घोटाळू लागलं. "हे कुत्रं तुले ओळखते वाटते," कुंदा हसून म्हणाली. मी त्याला लाथ मारली. कधी मारली नव्हती.

दाई ओट्यावर पाय पसरून बसली होती. मला पाहिलं आणि उठली. तोंडभर हसली. तिची नोनी मोठ्या माणसाला घेऊन घरी आली होती. तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मी तिच्या आधी बोलले.

"बाई, सर आलेत. थोडी माहिती विचारायची आहे."

बाई. माझ्या दाईला मी बाई म्हटलं.

हसू तिच्या तोंडावर तसंच राहिलं. डोळे तेवढे विझले. अंगठेबहाद्दर बाई होती, पण एका शब्दात तिला सगळं समजलं. माझ्याकडं पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. आत गेली आणि लोटा घेऊन आली. सरांच्या पायाशी ठेवला. वाकून नमस्कार केला.

आणि सरांनी तो बुटानं सारला.

सांगायचं एक वाक्य होतं. सर, हा पाय धुवायला आहे. एवढंच. पण ते सांगितलं असतं तर सरांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत? म्हणून मी गप्प राहिले. दाईच्या पट्टीवरून पाणी ओघळत होतं आणि मी पेन्सिलीचं टोक बघत होते.

सर खाटेवर रुमाल टाकून बसले. ते विचारत होते, मी लिहीत होते. दाई इतक्या वर्षांत कधी मराठी बोलली नव्हती. आमच्याशी आमच्या बोलीत बोलायची. त्या दिवशी ती मोडक्या वऱ्हाडीत बोलली. आपल्या बोलीतला एखादा शब्द माझं बिंग फोडेल अशी तिला भीती वाटली असणार.

"मुलं किती?" सरांनी विचारलं.

दाईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. क्षणभरच. काय सांगू, असं ती मला विचारत होती. मी मान वर केली नाही.

"एक पोरगा हाय. भट्टीवर जाते."

"मुली?"

"पोरगी नाई."

माझ्या हातानं मी लिहिलं : मुली, नाहीत. माझं अक्षर चांगलं म्हणून सरांनी मला निवडलं होतं. ते अक्षर त्या दिवशीही चांगलंच आलं.

शेवटचा प्रश्न होता, मुलांनी शिकावं असं वाटतं का? मी पहिलीत असताना महिनाभर शाळेच्या कुंपणाबाहेर बसून राहिलेली बाई ती. मी रडून पळून येईन म्हणून बसायची. तेवढ्या दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडलं होतं. ती म्हणाली, "आमच्यात कोन शिकते, साहेब."

सरांनी माझ्याकडं पाहून मान हलवली. जणू त्यांना हवं ते सापडलं.

संध्याकाळी वसतिगृहात खोटं कारण सांगून मी घरी पळाले. वाटेत ठरवलं होतं, पायावर डोकं ठेवीन. ती मारेल. मारलं तर बरं. भाऊ आणि ददा नुकतेच भट्टीवरून आले होते, त्यांना तिनं काही सांगितलं नव्हतं. मी ओट्यावर चढणार तोच दाई आतून आली. भिंत धरत. हातात पितळेचा लोटा. माझ्या पायाशी ठेवला.

थट्टा नव्हती. रागही नव्हता. राग असता तर निघून गेला असता. तिच्या लेखी मी आता त्या लोकांतली झाले होते आणि त्या लोकांपैकी कोणी दारात आलं तर जे करायचं ते ती करत होती. घरच्या माणसाला कोणी लोटा ठेवत नाही. मी पाय धुतले.  दाई पदर पुढं करून उभी होती, पाय पुसायला. तेव्हा मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

पुढच्या महिन्यात कॉलेजच्या हॉलमध्ये सरांनी अभ्यास वाचला. बाहेरगावचे प्राध्यापक आले होते, गावातली मोठी माणसं होती. व्यासपीठावर केरळी समाजाच्या वतीनं तंगम्मा सिस्टरला बसवलं होतं, हार घालून. टोलीतलं कोणी नव्हतं. टोलीतलं कोणी बोलवावं असं कोणाला सुचलंही नव्हतं. भिंतीवर मोठा कागद लावला होता. तो मीच केला होता, पट्टी लावून, दोन रकाने आखून. डावीकडं ते, उजवीकडं आम्ही. शिक्षण, स्वच्छता, बचत, महत्त्वाकांक्षा. डावीकडं सगळं चढतं. उजवीकडं सगळं उतरतं.

सर बोलत होते. एक समाज आल्यापासून काही वर्षांत इथल्या जीवनात मिसळला, दुसऱ्याला इतक्या वर्षांत ते जमलं नाही. कारण बाहेर नाही, त्यांच्या वृत्तीत आहे. आणि मग म्हणाले, उदाहरणादाखल एक प्रातिनिधिक कुटुंब घेऊ. घर क्रमांक सतरा.

माझे कान तापले.

या कुटुंबात मुलांच्या शिक्षणाची आस दिसत नाही, सरांनी वाचलं. मग कागद खाली ठेवला आणि जरा हलक्या सुरात सांगू लागले. साध्या शिष्टाचाराचंही पाहा, मी गेलो तर त्या बाईनं मला प्यायला पाणी दिलं. कसं दिलं? हातात नाही. जमिनीवर, माझ्या बुटांजवळ आणून आदळलं. आपण जसं जनावरापुढं ठेवतो.

हॉलमध्ये हशा झाला. फार मोठा नाही. सभ्य हशा. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. कुंदाही हसली. व्यासपीठावर एकटी सिस्टर हसली नव्हती. ती माझ्याकडं पाहत होती.

मी उभी राहिले. उभी राहीन असं ठरवलं नव्हतं. ठरवून माझ्याच्यानं झालंच नसतं. दाईनं पट्टी बांधलेल्या पायानं आणलेला लोटा, आणि त्याला हे हसत होते.

"सर, तो लोटा पाय धुवायला होता."

सरांना समजलं नाही. "काय?"

"आमच्याकडे पाहुण्याच्या पायाशी लोटा ठेवतात. पाय धुवायला. तो तुम्ही बुटानं सारला. ते घर माझं आहे. ती माझी आई आहे."

 सरांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. मला वाटलं, ते म्हणतील, अरे, माझं चुकलं. माणूस वाईट नव्हता ना. मी खरंच वाट पाहिली. त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा काढला, सतरा नंबर शोधला, चष्म्यातून पाहिला.

"इथं मुली नाहीत असं लिहिलंय. तुझ्या अक्षरात. म्हणजे तू खोटी माहिती भरलीस."

"हो सर. मुली नाहीत हे खोटं मी लिहिलं. बाकीचं तुम्ही."

कोणीतरी मागून म्हणालं, बसा बाई खाली. सरांनी सावरून घेतलं. ते सिस्टरकडं वळले आणि गोड आवाजात म्हणाले, तुम्हीच सांगा, तुम्हाला या गावात कधी परकं वाटलं? सिस्टरनं गळ्यातला हार काढला. टेबलावर ठेवला. तिच्या तुटक्या हिंदीत म्हणाली, "मेरे को पानी ऊपर से डालते हैं, हाथ पर. वो आपके कागज में लिखा है क्या?"

नव्हतं लिहिलेलं. डावीकडंही नव्हतं, उजवीकडंही नव्हतं. दोन रकाने मीच आखले होते. आम्हा दोघींना या गावात एकाच उंचीवरून पाणी मिळत होतं आणि आमच्या कागदावर एक समाज वर होता, एक खाली.

पुढं काय झालं? काही नाही झालं. सरांनी घर नंबर सतरा अहवालातून काढून टाकलं. चुकीचा फॉर्म म्हणून. बाकी तक्ता होता तसाच राहिला, एका घरानं कुठं फरक पडतो? माहिती गोळा करणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव गेलं. मदतनीसाची जागा कुंदाला मिळाली. ती मला भेटायला आली होती. "आधी सांगतली असती तं मी हासली नसती वं," म्हणाली. खरं बोलत होती. पण मग दुसऱ्या कोणाच्या आईवर हसली असती. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. त्यानंतर ती आली नाही.

सिस्टरला खोली सोडावी लागली. हॉलमधली गोष्ट घरमालकिणीच्या कानावर गेली होती. बदली घेऊन ती दुसऱ्या गावी गेली. जाताना दाईच्या पायाचं औषध देऊन गेली. पाय बरा झाला, बोटं मात्र वाकडीच राहिली.

मी एम.ए. केलं नाही. मास्तरकीचं शिक्षण घेतलं, शाळेत नोकरी लागली. गावात खोली मिळत होती, घेतली नाही. टोलीत राहायला आले, माझ्या घरी, सतरा नंबरात. दाईला हॉलमधलं सगळं मी तेव्हाच सांगितलं होतं. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "नोकरी गई ना?" सरांनी कबूल केलेली ती मदतनीसाची जागा. तिला त्याचंच वाईट वाटलं. मी भांडले ते तिच्या मनाला कुठं लागलंच नाही. लागायचं होतं ते आधीच लागून गेलं होतं.

आणि लोटा. तो थांबला नाही. रोज शाळेतून आले की ओट्यावर भरलेला लोटा. दाई, ठेवू नको ग, मी पाया पडून सांगितलं. रागावले. एकदा लोटा लपवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं गडव्यात पाणी ठेवलं. मग मी सांगणं सोडलं. रोज पाय धुवायची आणि पाहुण्यासारखी घरात जायची.

दोन-तीन वर्षांनी जनगणना आली. मास्तर लोकांना हे काम लागतंच. टोली कोणाला नको होती, मी मागून घेतली. सगळी घरं केली आणि शेवटी आमच्या दारात आले, फळी घेऊन. ददा गेले होते तोवर. दाई ओट्यावर बसली होती. मी तिच्या शेजारी टेकले आणि हसत विचारलं, जसं फॉर्मात होतं तसं, लेकरं किती?

 तिनं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं. तसंच. त्या दुपारी पाहिलं होतं अगदी तसं. मग हळूच विचारलं, "का लिखबे?" काय लिहिशील.

आपल्याला लेकरं किती, हे सांगायला माझी आई माझी परवानगी मागत होती.

मी तिच्यादेखत लिहिलं. एक मुलगा, एक मुलगी. मुलगी शिक्षिका. तिला वाचून दाखवलं, दोनदा. ती हं म्हणाली. तिला पटलं की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. आदल्या दिवशी संध्याकाळीसुद्धा लोटा भरलेला होता.

सरांना मी माफ केलेलं नाही. पण त्यांच्यासाठी मी रात्री जागत नाही. मी जागते ती माझ्यासाठी. बूट त्यांचा होता, पण आपल्या आईला बाई म्हणणारी जीभ माझी होती. ती मला कोणी शिकवली हे मला आता माहीत आहे. आपल्या मातीचा वास आला की नाक धरणाऱ्या गावानं शिकवली, दोन रकाने आखून चढत्या रकान्यात बसायची लालूच दाखवणाऱ्यांनी शिकवली. आणि मी शिकले. चांगलं अक्षर काढून शिकले.

आता माझ्या वर्गात टोलीतली पोरं आहेत. नाव घालायला आई-बाप येतात तेव्हा ते सांगतील तेच आडनाव मी लिहिते, धड लिहिता येईपर्यंत विचारत राहते. घरची बोली म्हणून मराठी लिहा, पोराचं भलं होईल, असं हेडमास्तर म्हणतात. मी छत्तीसगढी लिहिते. माझ्यावर दोनदा लेखी ठपका आला आहे. येऊ दे.

आणि अजून कागद घेऊन लोक येतात. दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी येतं, आमची कोणाशी तरी तुलना करायला. टोलीतले त्यांना माझ्याकडे पाठवतात. दाईचा लोटा मी घासून ठेवलेला आहे. भरून त्यांच्या पायाशी ठेवते आणि समोर उभी राहते. काहीजण हसतात. काहीजण म्हणतात, नको नको, घाईत आहोत. मी त्यांना सांगते, बूट काढा, पाय धुवा, मग विचारा. नाही धुतले तर या टोलीतलं एकही दार उघडणार नाही आणि एकही नाव तुमच्या कागदावर चढणार नाही.

मागच्या महिन्यात एक साहेब जीपमधून आले होते. मोठे होते. पाय धुवायला तयार नव्हते. अर्धा तास उन्हात उभे राहिले. मीही राहिले. शेवटी कोरे कागद घेऊन परत गेले.

पुन्हा येतील. लोटा तिथंच असेल.